जिजाबाईच्या घरचा इस्तो

पारशिवनीच्या खालच्या अंगाला एक लहानसं खेडं आहे. तिथं जिजाबाई कोण असं विचारलं, तर कोणी तिचे नाक-डोळे सांगत बसत नसे. सांगत ते एवढंच, "इस्तो मांगायचा असन तं जिच्या घरी जाता, थे जिजाबाई." कागदावर विस्तव लिहितात ते ठीक. चुलीत असतो तो इस्तोच.

त्या काळी काडीपेटी दुकानात मिळत नव्हती असं नाही. पण घरात निखारा असताना काडी ओढणारी बाई म्हणजे उधळी बाई, असा गावचा कायदा. सकाळी चार घरच्या बाया गोवरीचा तुकडा घेऊन जिजाबाईच्या दारात उभ्या. तिच्या चुलीत राखेखाली निखारा हमखास सापडायचा. रात्री निखाऱ्यावर राख ओढायची तिची एक रीत होती. फार दाबली तर निखारा गुदमरून मरतो आणि थोडी टाकली तर जळून जातो. लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तेवढीच.

ही रीत तिला सासूनं शिकवली होती. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासू म्हणाली होती, "सैपाक नाई जमला तं शिकवीन. पण चूल थंडी दिसली तं माहेरी धाडीन. चूल थंडी होते थे घरातलं माणूस गेल्यावर." जिजाबाईनं हे असं गाठीला बांधलं की छत्तीस वर्षं तिची चूल थंडी पडली ती दोनदाच. एकदा सासरा गेला तेव्हा आणि एकदा खुद्द सासू गेली तेव्हा.

पुढं नवरा रुपराव नागपूरच्या गिरणीत लागला आणि बिऱ्हाड शहरात आलं. आज जिथं मनीषनगर म्हणतात त्या अंगाला तेव्हा निव्वळ वावरं होती. तिथं त्यानं तीन खोल्या बांधल्या. एकामागं एक, आगगाडीच्या डब्यासारख्या. पुढं ओसरीची खोली, मधात झोपायची, मागं सैपाकाची. चुलीच्या जागी दगडी कोळशाची सिगडी आली, पण इस्तो काही विझला नाही. शेजारच्या यमुताईनं पहिल्याच हप्त्यात हेरलं आणि ती वाटीभर निखारे न्यायला येऊ लागली.

मुलगा रविंद्र विजेच्या ऑफिसात कारकून झाला. सून आली प्रेमिला, मॅट्रिक झालेली, बोलायला कमी. तिला सिगडीचा धूर सोसत नव्हता. मागच्या साली पाचव्या महिन्यात तिचं पोट खाली झालं. धुरानं झालं की कशानं, ते डॉक्टरनंही ठामपणे सांगितलं नाही. पण या साली पुन्हा दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, "हिले धुरापासून दूर ठेवा." नेमका तीन वर्षांपूर्वी लावलेला गॅसचा नंबर त्याच श्रावणात लागला. सन एकोणऐंशी.

रविंद्रनं सीताबर्डीवरून दोन तोंडांची शेगडी आणली. एक तोंड मोठं, एक लहान. एजन्सीचा शालिकराम मेकॅनिक सायकल टेकवून आत आला, तोंडात पानाचा तोबरा. जिजाबाईनं सिगडीच्या जागेवर सारवून, रांगोळी काढून ठेवली होती.

"हे इथी ठेव गा," ती म्हणाली.

शालिकरामनं रांगोळीकडं पाहिलं, सोबत आलेल्या गॅसच्या टाकीकडं पाहिलं. "खाली नाई जमत आजी. शेगडी टाकीहून उंच पायजे."

"मंग मी का शिडीवर चढून भाकरी थापू?"

"ओटा बांधा. उभ्यानं सैपाक करा."

"उभ्यानं घोडे खातेत बाप्पा."

"अवं, तो खायले नाई सांगून राह्यला, रांधायले सांगून राह्यला," रुपराव दारातून म्हणाला.

शालिकराम काही जोडणी करायला तयार झाला नाही. टाकी कोपऱ्यात उभी करून, तिला टोपण घालून गेला. रुपरावनं दोन दिवसांत विटा आणल्या, वर शहाबादी फरशी बसवली, कमरेएवढा ओटा झाला. तिसऱ्या दिवशी शालिकराम पुन्हा आला. नळी जोडली. मग वाटीत साबणाचा फेस करून जोडाजोडावर बोटानं लावत बसला.

"आंघोळ घालून राह्यला काय तिले?" जिजाबाईनं विचारलं.

"बुडबुडा आला तं गळते. नाई आला तं बेस." बुडबुडा आला नाही. मग त्यानं सासू-सुनेला समोर उभं केलं आणि पाठ केल्यासारखं सांगू लागला. आधी काडी पेटवायची, मग बटन फिरवायचं. उलटं नाही. खिडकी उघडी पाहिजे. काम झालं की टाकीची चावी बंद. "अन् वास आला, सडक्या कांद्यावानी, तं काडी वढायची नाई. बिजलीचं बटन दाबायचं नाई, चालू बी नाई, बंद बी नाई. टाकी बंद करायची, दारं उघडायची, माणसं बाहेर."

"वास तं खिडकीतून निंघून जाईन," जिजाबाई म्हणाली. "धूर जाते तसा."

"नाई आजी. धूर वर जाते. हे पाण्यावानी आहे. खाली बसते, जमिनीवर पसरते."

हे तिला पटलं नाही, पण ध्यानात राहिलं. न दिसणारं पाणी! असलं काही तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रेमिलाचा खोकला पंधरा दिवसांत गेला. गालावर रंग आला. यमुताईनं येऊन निळा जाळ पाहिला आणि हनुवटीला बोट लावलं. भांडी बुडाला काळी होईनात. जिजाबाई उभ्यानं भाकरी थापायला शिकली. पहिले चार दिवस कंबर धरली, मग सुटली. सगळं बेस चाललं होतं, फक्त एका गोष्टीचं तिला जमेना. चावी बंद करायचं.

चावी बंद म्हणजे चूल थंडी. दिवसातून दोनदा घरातलं माणूस मेल्यागत! तिनं आपल्या मतानं तोड काढली. लहान तोंड अगदी बारीक करून ठेवायचं, वर पाण्यानं भरलेला गंज. निखाऱ्यावर राख ओढल्यासारखं.

"आत्याबाई, गॅस फुकट जळून राह्यला," प्रेमिला म्हणायची.

"फुकट कायले? पाणी तापून राह्यलं."

रुपरावचंही त्यात साधत होतं. गिरणीतून आला की तो बिडी तोंडात धरून थेट चुलीशी जायचा आणि तिथंच पेटवायचा. गावची सवय. काडीपेटी म्हणून जी होती ती ओट्यावर, फक्त टाकी बदलल्यावरच्या पहिल्या जाळासाठी.

मग नवरात्र आलं. घट दरसालच सैपाकाच्या खोलीत, पूर्वेच्या कोपऱ्यात बसायचा. या साली जिजाबाईनं देवीला बोल केला होता. "नऊ दिवस दिवा विझू देणार नाई. पोरीचं पोट तेवढं सांभाळ." सातवा महिना सरत आला होता. मागच्या सालचं घरात कोणी तोंडानं बोलत नव्हतं, पण जो तो बोटं मोजत होता. इस्तो राखण्यात जिचा हात धरणारं कोणी नाही, तिला एक दिवा नऊ दिवस राखणं काय अवघड? घटासमोर पाटावर दिवा ठेवला, तेलाची बुधली जवळ. वाऱ्यानं ज्योत हालू नये म्हणून खिडकी लावून घेतली, मागचं दारही लावलं.

"शालिकरामनं खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगतलं ना," प्रेमिलानं आठवण दिली.

"शालिकरामच्या घरी घट बसत नसन."

सहाव्या माळेच्या दुपारी जिजाबाईला गाडग्यातलं दूध आठवलं. गावी दुपारचं दूध मातीच्या गाडग्यात घालून गोवरीच्या निखाऱ्यावर ठेवत. तिन्हीसांजेपर्यंत त्यावर बोटभर लाल साय यायची, तिचं तूप घरभर घमघमायचं. पोटुशीला असलं तूप पाहिजे. तिनं पातेलं काठोकाठ भरलं, लहान तोंडावर ठेवलं, जाळ होईल तेवढा बारीक केला. प्रेमिला मधल्या खोलीत डाव्या कुशीवर झोपली होती. जिजाबाई पुढच्या ओसरीत यमुताईसोबत उपासाची भगर निवडायला बसली.

गोवरीच्या निखाऱ्याचं एक असतं. दूध तापत जातं तसा तो मंदावत जातो. दूध आणि इस्तो दोघं संगं म्हातारे होतात, म्हणून गाडगं कधी उतू जात नाही. जिजाबाईनं जन्मभर दूध असं ठेवून चार घरच्या गप्पा केल्या होत्या. गॅस मंदावत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नाही.

"जिजाबाई, आता तुह्या घरचा इस्तो कामाचा नाई राह्यला वं," यमुताई खडे वेचत म्हणाली. "थो गॅसचा इस्तो कायच्यात नेऊ मी?"

"पदरात बांधून ने."

"पदर जयन ना माहा!"

"जयू दे. म्हातारा नवं लुगडं आनन."

दोघी खिदळल्या. तेवढ्यात रुपराव गिरणीतून आला. चपला काढल्या, खिशातून बिडी काढून तोंडात धरली आणि मागं गेला.

आतून त्याचा आवाज आला. "अवं! चूल विझली वं!"

छत्तीस वर्षांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तिचं हसू अर्ध्यातच राहिलं. तोवर तो पुन्हा म्हणाला, "अन् कांदे सडले काय घरात? राहू दे, मी लावतो काडी."

भगरीचं सूप उलटं झालं. यमुताईला काही कळायच्या आत जिजाबाई मधली खोली ओलांडून गेली होती. रुपराव ओट्याशी उभा होता. एका हातात काडीपेटी, दुसऱ्या हातात काडी, तोंडात बिडी. तिनं त्याच्या हातावर असा फटका हाणला की पेटी मोरीत जाऊन पडली. नवऱ्यावर तिनं जन्मात हात उगारला नव्हता.

"पागल झाली काय वं?"

"बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"

ओट्यावर दूध पसरलं होतं. लहान तोंड दुधात बुडालं होतं आणि त्यातून बारीक सुस्कारा येत होता. वास असा, की नाकपुड्या आपोआप मिटाव्यात. आणि कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटं उंच पाटावर, देवीचा दिवा शांत जळत होता.

पाण्यावानी. खाली बसते.

मग तिला ते दिसलंच. दिसत काही नव्हतं, तरी दिसलं. ओट्यावरून खाली सांडणारं, सारवणावरून सरकत चाललेलं, पाटाच्या खुरापर्यंत पोचलेलं. आणखी चार बोटं चढलं की संपलं. मधल्या खोलीत प्रेमिला झोपलेली. तिच्या पोटासाठीच हा दिवा लावलेला. सहा दिवस राखलेला. हा विझला तर काय होईल ते गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि नाही विझला तर काय होईल ते सांगायला कोणी उरणार नाही.

देवीशी बोलायला तिच्याजवळ वेळ नव्हता. तिनं मोरीवरच्या बादलीत बोटं बुडवली, दोन ढांगांत कोपरा गाठला आणि वात चिमटीत धरून दाबली. चर्र झालं. काळोख झाला. मग ती टाकीशी आली, चावी फिरवली. घट्ट, अजून घट्ट. शेगडीचं बटनही बंद केलं. सुस्कारा थांबला.

"काय झालं आत्याबाई? अंधार काहून?" प्रेमिला झोपेतून उठून दारात आली होती. तिचा हात भिंतीवरच्या बिजलीच्या बटनाकडं चालला होता.

"नको दाबू वं! हात लावू नको! जा, पुढच्या दारानं बाहेर जा. अवो, तिले घेऊन जा!"

या वेळी रुपराव लगेच हालला. सुनेच्या दंडाला धरून तो अंगणात गेला, बिडी तशीच तोंडात, न पेटलेली.

जिजाबाईनं खिडकी उघडली, मागचं दार सताड उघडलं. भिंतीला टांगलेलं दुसरं सूप काढलं, मागच्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि जमिनीलगत वारा घालू लागली. खालून, खालूनच, बाहेर. यमुताई वळसा घालून परसात आली तर ही रिकामं सूप हालवताना दिसली.

"काय पाखडून राह्यली वं?"

"मरण," जिजाबाई म्हणाली. "तिकडं सरक."

तासभर सगळे अंगणातल्या बाभळीखाली बसले. वास कमी होत गेला आणि मग कळेनासा झाला. तेव्हा कुठं जिजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. प्रेमिलानं पाण्याचा तांब्या दिला. रुपराव फटका बसलेला हात चोळत होता. मग एकदम म्हणाला, "हात भारी आहे वं तुहा. लग्नाआधी सांगतलं असतं तं विचार केला असता." यावर प्रेमिला जी हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून हसली आणि मधातच गप्प झाली.

"काय झालं?" जिजाबाई तिच्याजवळ सरकली.

"काई नाई. लाथ मारली त्यानं."

"मारू दे. जिवंत आहे म्हणून मारून राह्यला."

मग यमुताईनं जे विचारायचं ते विचारलंच. "अन् दिवा?"

"इझला."

"अग माय! वाऱ्यानं?"

"म्या इझवला. हातानं." तिनं चिमूट दाखवली. दोन्ही बोटांची टोकं काळी, एकावर फोड.

यमुताईनं तोंडाला पदर लावला. "अखंड दिवा, सहावी माळ, अन् आपल्या हातानं..."

"यमुताई," प्रेमिला मधातच म्हणाली. ती मोठ्या माणसांच्या बोलण्यात पडणारी नव्हती, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. "मी त्या दिव्यापासून दहा पावलांवर झोपली होती."

यमुताईनं तिच्या पोटाकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, तोंडावरचा पदर खाली केला. "मंग बेस केलं बाई," ती म्हणाली. "देवीचं काय, तिले घर पायजे. घराची राख घेऊन काय करन थे?" आणि मग उठून सांडलेली भगर वेचायला गेली.

तिन्हीसांजेला रविंद्र शालिकरामला सायकलवर बसवून घेऊन आला. शालिकरामनं फेस लावून सगळे जोड पाहिले. बुडबुडा नाही. शेगडीची तोंडं काढून दूध खरवडलं, धुऊन पुसून पुन्हा लावली. जिजाबाई शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होती.

"खिडकी काहून लावली होती आजी?"

"दिवा इझू नये म्हणून."

"मंग इझला कसा?"

"म्याच इझवला."

शालिकरामला हसू आवरेना. पानाचा तोबरा सांभाळत तो परसात पळाला, तिथं थुंकून आला. मग म्हणाला, "पंधरा साल झाले मले या धंद्यात. वास आल्यावर आधी आग इझवणारी बाई पहिली पाह्यली. लोकं आधी काडी वढतेत, कुठी गळते थे पाहाले." आणि रुपरावकडं न पाहता त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

घट उठेपर्यंत हालवता येत नाही, म्हणून गॅस हालला. म्हणजे टाकीची चावी बंद, आणि उरलेले दिवस सैपाक परसात सिगडीवर, प्रेमिलाला पुढच्या खोलीत बसवून. दिवा त्याच संध्याकाळी पुन्हा लावला. मोरीत पडलेली पेटी भिजली होती. यमुताईनं आपल्या घरची आणून दिली. इतकी वर्षं निखारे नेले, त्याची एका काडीत फेड झाली. जिजाबाईनं काडी ओढली, वातीला लावली. ज्योत पहिल्यासारखीच उभी राहिली, रागावल्यासारखी वगैरे काही दिसली नाही. जिजाबाई बराच वेळ तिच्याकडं पाहत बसली. मग "बरं आहे," म्हणाली आणि सिगडीकडं गेली.

मार्गशीर्षात प्रेमिलाला मुलगी झाली. सहा पौंड, आवाज असा की दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली ऐकू यावा. पुढच्या सालापासून घट ओसरीच्या खोलीत बसू लागला. सैपाकाच्या खोलीची खिडकी उघडीच राहते. तिची एक कडी गंजून मोडली, ती कोणी बसवली नाही.

नात तीन महिन्यांची असताना, उन्हाळ्याच्या तोंडावर एके दुपारी रुपराव गिरणीतून आला. बिडी तोंडात धरून मागं गेला. ओटा पुसलेला, शेगडीची दोन्ही तोंडं थंड, टाकीची चावी बंद. सिगडी आठवली, ती तर कधीचीच भंगारात गेली होती. मधल्या खोलीत नातीला पोटाशी घेऊन जिजाबाई घोरत होती. छत्तीस-सदतीस वर्षांत त्यानं तिला दुपारी झोपलेली पाहिली नव्हती. इस्तो राखायचा असला की बाईला झोप कुठली?

"अवं," त्यानं हळूच हाक मारली. "घरात इस्तो नाई काय?"

"नाई," ती डोळे न उघडता म्हणाली.

"अजिबातच नाई?"

"म्या इझवला. दुकानातून काडीपेटी आणा. अन् वढायची तं अंगणात." तिनं कूस बदलली, नातीच्या अंगावर पदर ओढला. फार दाबून नाही, फार सैलही नाही.

रुपराव न पेटलेली बिडी तोंडात धरून दुकानाकडं निघाला.